ईश्वरीचे साठ तास

१२ सप्टेंबर, शुक्रवार
शेजारच्या जर्मन शेतकऱ्याचं, सेपचं, कमरेचं ऑपरेशन झालंय, वाकता येत नाही. त्याच्या अँगस गायींच्या कळपातली ईश्वरी (त्याच्या वहीत नंबर सत्तेचाळीस, नाव मी ठेवलं) दोन वर्षं गाभण राहिली नाही. यंदाही रिकामी राहिली तर श्लाख्टहोफ. कत्तलखाना हा शब्द मी मराठीत उच्चारत नाही. सेपला म्हटलं, ती माझ्यावर सोड.
आज गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या आत हार्मोनचं कडं बसवलं. रविवारी, एकवीस तारखेला, संध्याकाळी आठला दोरी ओढून काढायचं. मग साठ तासांनी, बुधवारी सकाळी आठला बीज भरायला रेतनवाला येणार. गाय माजावर येणार ती आपल्या घड्याळाप्रमाणे. बारा व्हिडिओ पाहिले. हातचा मळ.

२० सप्टेंबर
बाई इंजेक्शन देऊन गेल्या. तीनदा बजावलं, वेळ पाळा. चाळीस वर्षं कारखान्यात मायक्रॉन सांभाळलेत म्हटलं.

२१ सप्टेंबर, सं. ७.३०
आज सर्वपित्री अमावास्या, हे ऐन वेळी लक्षात आलं. मी अंधश्रद्धाळू नाही. पण जिवाची सुरुवात करायची ती आज नको. उद्या सकाळी आठला काढतो. बारा तासांनी काय आभाळ कोसळतंय. प्रभा म्हणाली, अहो, अमावास्या गायीला लागते की तुम्हाला? बायकोला विज्ञानात गती नाही.

२२ सप्टेंबर
काढलं. एका झटक्यात. सेपच्या नोंदीच्या कागदावर ‘रविवार, २०.००’ लिहिलं. आजारी माणसाला उगाच घोर नको. रेतनवाल्याला पुढे ढकलावं, तर कारण सांगावं लागेल. शिवाय साठातले बारा गेले तरी अठ्ठेचाळीस उरतातच.

२४ सप्टेंबर
रेतनवाला आला. म्हणाला, माज दिसत नाही. म्हटलं, लाजाळू आहे. हसला नाही. काम करून गेला.

२५ सप्टेंबर
ईश्वरी पहाटेपासून हंबरतेय. दुसऱ्या गायी तिच्यावर चढतात आणि ती निमूट उभी राहते. प्रभा कुंपणाशी येऊन म्हणाली, बीज काल, माज आज. अहो, त्या माणसाला परत बोलवा. म्हटलं, आनंद झालाय तिला. परत बोलवायचं तर सेपला सगळं सांगणं आलं. उद्या नक्की.

२६ सप्टेंबर
शांत झाली. बघा, म्हटलं प्रभाला. तिने बघितलं नाही.

१७ ऑक्टोबर
वसुबारस. ईश्वरीला कुंकू लावून ओवाळलं. गाय-वासरू दोन्ही हवं असतं. वासरू आत आहेच. सेप काठी टेकत बघत होता. म्हणाला, माझ्या बायकोने माझं इतकं कधी केलं नाही.

२८ ऑक्टोबर
बाईंनी सोनोग्राफीचं मशीन दोनदा फिरवलं. रिकामी. मग नोंदीचा कागद पाहिला. म्हणाल्या, वेळ तर गेनाऊ, अगदी अचूक पाळलीय, म्हणजे दोष गायीचाच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

४ नोव्हेंबर
सेपला सांगायचं. उद्या श्लाख्टहोफची गाडी यायच्या आधी. प्रभासमोर कबूल केलंय.

५ नोव्हेंबर, सकाळ
गेलो. सेपने दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, सख्ख्या भावाने केलं नसतं इतकं केलंस. तेवढ्यात गाडी आली.
ईश्वरी फळीवर चढेना. ड्रायव्हरने शेपटी पिळली, तरी नाही. सेप म्हणाला, तू हाक मार, तुझं ऐकते.
मारली.
चढली.