तिसरी म्हणजे कुठली

प्रिय बारके,

फोन बंद ठेवून मैत्रिणीच्या खोलीत तोंड लपवून बसलीस आणि इकडे माझ्या जिवाला घोर. दार वाजलं की वाटतं तूच आलीस, बघते तर दूधवाला. राग आलाय मला. आधी तो वाच, मग बाकीचं.

काल तुझे हॉस्पिटलातले साहेब घरी आले. म्हटलं पोलीस घेऊन आले की काय. पण एकटेच होते, चहालाही नको म्हणून खाली मान घालून बसले. मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडलेली बाई, मला कळेल असं सांगा. तर म्हणाले, डिस्कांचं कपाट एकच, पण त्याला कॉम्प्युटर दोन जोडलेले. चालू होताना जी डिस्क आधी ओ देईल ती पहिली, असं दोघांचं आपापलं. म्हणून याची तिसरी ती त्याची चौथी. तू एकावर नंबर बघितलास आणि दुसऱ्यावर बसून तिसरी पुसलीस. पुसायची होती जुनी, गेली पेशंटांच्या तपासणीच्या फोटोंची.

मला लगेच कळलं. मावशी राहायला आलेली तेव्हा मी तिला सांगितलं, फळीवरच्या तिसऱ्या डब्यातल्या पिठाला जाळी धरलीय, टाकून दे. मी मोजलं खिडकीकडून, तिने दाराकडून, आणि आत न बघताच डबा ओतला. चांगली साखर गेली केरात. तेव्हापासून पिठाच्या डब्याला लाल दोरा आहे. कुठेही सरकवा, डबा तोच. साहेब म्हणाले, "तुमची मुलगी हेच सांगत होती. प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा नंबर असतो, त्यावरून दोन्हीकडे एकच नाव लावू म्हणून. मीच पुढे ढकललं." वरही तसंच कळवलंय त्यांनी, आणि नावं लावायला तूच हवीस म्हणतात. न बघता पुसलंस ही चूक तुझीच, पण एकटीची नाही.

बहुतेक फोटोंची दुसरी प्रत सापडली. शेवटच्या आठवड्यातले तेवढे गेले. त्या माणसांना परत बोलावताहेत.

त्यात मी आहे. काखेत गाठ लागली हाताला. तुला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस, म्हणून तुझी सुट्टी बघून तुझ्याच हॉस्पिटलात गुपचूप फोटो काढून आले. कशी गेले ते माझं मला माहीत. आता शुक्रवारी पुन्हा बोलावलंय आणि एकटीने जायला पाय उचलत नाही. येतेस की नाही ते गुरुवारपर्यंत कळव.

वाट बघून वैतागलेली, तुझीच,
आई