डावीकडचा चेंडू

४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे ठीक. फोनवर मी नुसता हो-हो करतो आणि ठेवून देतो, ही तुझी तक्रार अगदी खरी आहे. कानाला फोन, हातात कात्री आणि समोर घाईतलं गिऱ्हाईक, अशात माणूस काय बोलणार? म्हणून हे पत्र. दुकान बंद केलंय, कापायच्या टेबलावर जागा केलीय, आता निवांत सांगतो.

बातमी अशी की टेबल टेनिसवाल्यांच्या वेबसाइटवर माझा तिसरा रिव्ह्यू लागला. ‘टेलरमास्तर’ या नावानं लिहितो. तू हसशील, पण लोक वाचतात गं! बाकीचे लिहिणारे वेगाला दहापैकी नऊ, फिरकीला दहापैकी नऊ असे मार्क देऊन मोकळे होतात. त्यातून वाचणाऱ्यानं काय घ्यायचं? कोट चांगला म्हणजे कोणाच्या अंगावर चांगला? म्हणून मी आधी स्वतःचं माप देतो. वय साठीला टेकलेलं, संध्याकाळी क्लबात खेळणारा, फोरहँड बरा, बॅकहँडला म्हणजे डाव्या बाजूला नुसता चेंडू अडवणारा, पायांत फारशी चपळाई नाही. मग सांगतो की बॅटचं लाकूड तेच जुनं ठेवलं, टेबल तेच, चेंडू तेच, समोर खेळायला आपला क्लबातला सोबती कॅशिअरच. बदललं फक्त लाकडावर चिकटवायचं रबर, तेही बॅटच्या दोन्ही बाजूंना एकच. म्हणजे जो फरक पडला तो रबराचा, दुसऱ्या कशाचा नाही.

या खेपेचं रबर नवीनच आहे. इथलीच एक तरुण बाई छोट्या वर्कशॉपात बनवते. रबराच्या पापुद्र्याखाली स्वतः तयार केलेला स्पंज चिकटवते. तिनं एक जोडी वापरून बघायला दिली. मी आधीच बजावलं होतं, दिसेल ते लिहीन, गोड लिहिणार नाही. फोरहँडला झकास! चेंडू रबरात जरासा बुडतो आणि मग सुटतो. पण बॅकहँडला काडीचा भरवसा नाही. चेंडू एकदम अंगावर येतो, बॅटच्या कडेला लागतो आणि उडतो. तेच लिहिलं. तिला वाईट वाटलं असणार, पण इलाज नाही.

तुझ्या कामाचं सविस्तर लिही. माया आहेच, पत्रानं ती ताजी ठेव.

तुझे बाबा

ता. क. ठके, ही मी, आई. हे लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. पुन्हा एक कप फुटला, कोपर लागून. परवा रस्त्यात एका सायकलवाल्यावर जाऊन आदळले आणि वर त्यालाच झापून आले. डोक्यात सदा रबर. तूच दोन शब्द सुनाव.

१३ फेब्रुवारी

ति. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईची ता. क. तुमच्या पत्रापेक्षा आधी वाचली, हे कबूल करते.

तुमचे तिन्ही रिव्ह्यू काल चहा पीत ओळीनं वाचले. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी समजलं. दुसऱ्या रबराला तुम्ही शिळ्या पावाची उपमा दिली आहे, तिथे मी एकटीच मोठ्यानं हसले. पण मग एक गोष्ट खटकली आणि तेव्हापासून काही सुचत नाहीये.

पहिलं रबर मऊ होतं. तुम्ही लिहिलंत, बॅकहँडला चेंडू उशिरा कळतो. दुसरं कडक होतं. बॅकहँडला चेंडू निसटतो. तिसरं या बाईंचं. बॅकहँडला चेंडू अचानक अंगावर येतो. बनवणारे तीन, जाती तीन, आणि तक्रार एकच. तीही एकाच बाजूची.

बाबा, कामावर आमच्याकडे पाण्याचे मीटर तपासायला येतात हे तुम्हाला माहीत आहे. एका लांब बाकावर ते ओळीनं बसवायचे, मोजून पाणी सोडायचं आणि कोण किती दाखवतो ते बघायचं. एखादा मीटर चुकला तर दोष त्या मीटरचा. पण वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर एकसारखेच चुकायला लागले, की आम्ही मीटर सोडतो आणि बाक तपासतो. रागावू नका. तुमच्या रिव्ह्यूत सगळं तेच ठेवून तुम्ही रबर बदलता. मग बाक म्हणजे तुम्ही.

तो कप कुठल्या हाताला ठेवलेला होता? सायकलवाला कुठल्या बाजूनं आला? आईला विचारा.

आमच्या इमारतीत खाली चष्म्याचं दुकान आहे. त्या गृहस्थांना मी सहज म्हणून विचारलं, तर त्यांनी ते सहज घेतलं नाही. म्हणाले, घरी एवढं तरी करायला सांगा. आईला समोर बसवा, एक डोळा हातानं झाका, दुसऱ्यानं तिच्या नाकाकडे बघत राहा. तिनं बाजूला हात धरून बोटं हलवायची आणि हळूहळू आत आणायची. दिसली की सांगायचं. मग दुसरा डोळा. आणि काही असो वा नसो, डॉक्टरांना दाखवाच.

उत्तर लगेच हवं. आईला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची ठकी

२० फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी म्हातारा झालो हे सांगायला तुला पाण्याचे मीटर मध्ये आणावे लागले, याची गंमत वाटली.

माझे डोळे ठणठणीत आहेत. आजही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतो. काळ्या कापडावर काळी टीप घालतो आणि ती सरळ येते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याचा कुठला खांदा उतरलेला आहे ते मापाआधी सांगतो. आंधळ्याची कामं नाहीत ही. बॅकहँड माझा पहिल्यापासून कच्चा आहे, आणि ते रबरही कच्चं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

त्या बाईंचा निरोप आला होता. एका क्लबानं माझं वाचून त्यांची मागणी मागे घेतली म्हणे. त्यांनी विचारलं, बॅकहँडला नेमकं काय होतं ते खेळून दाखवाल का? मी म्हटलं, लिहिलंय तेवढं पुरेसं आहे. आता माझ्या शब्दावर तूच संशय घेतलास तर मी कोणाला काय सांगू?

तब्येतीला जप.

बाबा

२७ फेब्रुवारी

चि. ठकीस आईचे अनेक आशीर्वाद.

बाळा, हे पत्र मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. हे बाहेर आहेत. तुझं पत्र त्यांनी मला तणतणत वाचून दाखवलं होतं आणि मग विषय काढू दिला नाही. म्हणून मागच्या पत्रात माझी ता. क. नव्हती. लिहायला काही नव्हतं असं नाही. तू विचारलंस ते मला आठवत होतं. कप डाव्या हाताला होता. सायकलवालाही डावीकडून आला.

रविवारी कॅशिअर घरी आले. बोलता बोलता हसून म्हणाले, मास्तर हल्ली आळशी झालेत, डाव्या कोपऱ्यात सर्व्हिस केली की हात उचलत नाहीत, मला फुकटचे पॉइंट मिळतात. हे हसले नाहीत. ते गेल्यावर स्वतःच खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, बस समोर, एकदाचं त्या मुलीचं समाधान करून टाकू.

आधी डावा डोळा झाकला. उजव्या डोळ्यानं सगळं बरं चाललं, माझी बोटं हलली की लगेच सांगत होते. मग उजवा झाकला. मी त्यांच्या डावीकडे हात धरून बोटं हलवत होते गं, हलवतच होते, आणि हे माझ्या नाकाकडे बघत म्हणाले, अगं सुरू कर ना, किती वेळ बसवून ठेवशील? मी हात आत आणत गेले. पार गालाजवळ आला तेव्हा म्हणाले, हं, आता केलीस सुरुवात. मी हो म्हटलं.

पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. गळ्यातली टेप काढून हातात दिली आणि म्हणाले, आता मापून कर. पुन्हा केलं. तेच. मग टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

उद्या डॉक्टरांकडे जातोय. मला फार भीती वाटते. त्यांच्यासमोर दाखवत नाही. तू त्यांना काही लागेल असं लिहू नकोस. तुझ्यावर त्यांचा राग नाही, तो कधीच गेला.

तुझी आई

६ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. डाव्या डोळ्याला मधलं दिसतं, बाजूचं बरंचसं गेलं. सुई, दोरा, टीप हे सगळं मधल्या नजरेचं काम, म्हणून मी फुशारक्या मारत राहिलो. गेलेलं परत येत नाही. उजव्यालाही सुरुवात आहे, पण आहे ते थेंब घालून राखता येईल असं डॉक्टर म्हणाल्या. आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या.

ठके, मला भीती वाटते. दुकानात बसलो की एक डोळा झाकून भिंत बघत राहतो. कात्री हातात घेतली की वाटतं, हे किती वर्षं? आई चिडते.

त्या बाईंच्या वर्कशॉपात जाऊन आलो. सरळ सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, उलट मलाच बसायला स्टूल दिलं. ते मला जास्त लागलं. मग तीच बॅट कॅशिअरला दिली, त्याच टेबलावर. त्याला बॅकहँडला काही त्रास नाही. तिन्ही रिव्ह्यूंच्या वर आता असं टाकलंय:

‘लिहिणाऱ्याच्या डाव्या डोळ्याला बाजूचं दिसत नाही, हे लिहिताना त्याला माहीत नव्हतं. बॅकहँडबद्दलचं सगळं रद्द समजा. तिसरं रबर दुसऱ्या खेळाडूनं तपासलं, त्याला दोन्ही बाजूंना उत्तम वाटलं. फोरहँडबद्दलच्या मतावर मी ठाम आहे.’

ज्या क्लबानं मागणी मागे घेतली होती, त्यांनाही वेगळं कळवलं. त्यांचं उत्तर अजून नाही.

आता खरं सांगायचं ते. डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एक मुलगी. त्या म्हणाल्या, हा आजार घरात उतरतो, तिला ताबडतोब तपासून घ्यायला सांगा. तेव्हापासून मला माझ्या डोळ्याचं काही वाटेनासं झालंय. तू जा. काम बाजूला ठेव आणि जा.

वाट बघणारे,
बाबा

१७ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र नाही. फोन घेतेस तर बाकीच्या गप्पा मारतेस आणि हो-हो करून ठेवतेस. हे कोणाचं वळण ते मला ठाऊक आहे, म्हणूनच झोप लागत नाही. काय असेल ते लिही. एकच ओळ लिही.

बाबा

२३ मार्च

ति. बाबांस आणि आईस शि. सा. न. वि. वि.

माफ करा. तुम्हाला शहाणपणाचं लांबलचक पत्र लिहिणारी मी, दवाखान्याच्या दारातून दोनदा परत आले. एकदा म्हटलं गर्दी आहे. एकदा तर काहीच म्हटलं नाही, सरळ बसस्टॉपवर जाऊन बसले. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना.

काल खालचे चष्मेवाले गृहस्थ दुकान नोकरावर सोपवून माझ्याबरोबर आले. दार त्यांनीच उघडून धरलं, मग कुठे जाते!

बाबा, दाब माझाही वाढलेला आहे. दोन्ही डोळ्यांत. पण अजून काहीही गेलेलं नाही. त्या मशीनमध्ये डोकं घालून बसले, बारीक ठिपके लुकलुकायचे आणि दिसला की बटण दाबायचं. डाव्या कडेचा दिसला, उजव्या कडेचा दिसला, पार टोकाचे दिसले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पुढचा दिसणार नाही. बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आलात, या वयात स्वतःहून कोणी येत नाही, कोणी सांगितलं? मी म्हटलं, माझे वडील टेबल टेनिसच्या रबरांबद्दल लिहितात. त्यांना काही कळलं नाही, आणि मला हसूही येत होतं, रडूही येत होतं.

थेंब सुरू केले. ते चुरचुरतात.

तुमच्यामुळे मला हे आलं असं मनात आणू नका. आणलंत तर मी खरंच रागावेन.

दोघांची लाडकी राहीन अशी आशा,
ठकी

१ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा एक गृहस्थ अर्धा कोट अंगावर घालून आरशासमोर उभे होते. एक बाही होती, एक नव्हती. मी त्यांना तसंच उभं ठेवून पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांनी विचारलं, मास्तर, वाईट बातमी का? मी नाही म्हणून मान हलवली, पण डोळे पुसत होतो, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला नाही. बिचारे बाहीशिवायच बसून राहिले, माझ्या पाठीवर हात ठेवून.

काल पुन्हा क्लबात गेलो. कॅशिअर सगळ्या सर्व्हिस उजवीकडेच टाकत होता. जरा वेळ चालवून घेतलं, मग बॅट टेबलावर ठेवली आणि म्हटलं, कीव करायची असेल तर घरी जाऊन कर. मग टाकली त्यानं डावीकडे. गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. मग मी जरा मागे सरकलो, मान वळवून उभा राहिलो. आई बाकावर बसली होती, हल्ली ती येते माझ्याबरोबर. तिनं एकदम ओरडून सांगितलं, आला, डावीकडून आला! मी बॅट घातली आणि चेंडू जाळीला चाटून पलीकडे पडला. कॅशिअर बघतच राहिला. म्हणाला, वहिनी, हे नियमात बसत नाही. आई म्हणाली, मग नियम बदला.

डाव मी हरलो. घरी येताना आईनं माझ्या डाव्या बाजूला चालायचं ठरवून टाकलंय, मला विचारलंही नाही.

इथून पुढे दर पत्राच्या शेवटी, थेंब घातलेस की नाही ते लिहायचं. टाळाटाळ चालणार नाही, तुझी आणि माझीही. माझे आजचे घालून झाले.

तुझे बाबा