तडसाच्या वाटेचा परवाना

८ डिसेंबर २०२४, रविवार
पुण्याची चार माणसं आली होती. तडस दिसलं नाही, पण धुळीतले ठसे दाखवले — पुढचा पाय मोठा, मागचा लहान! खूश होऊन गेली. सिद्धेश्वरचं धरण बघायला कुणीही जातं. आमच्या आंध आदिवासींच्या वाडीत पाहुणा येतो तो या ठशांसाठी. आठ माणसांच्या वर मी नेतच नाही. गर्दी झाली की रान गप्प बसतं.

आता राखीव रानात पाहुणे नेण्याचा परवाना एकालाच मिळणार. शहरातल्या एका कंपनीनंही अर्ज टाकलाय. तिचा माणूस माझ्याच अंगणात चहा पिता पिता फोनवर — "गाववालों को गेट पे खड़ा कर देंगे." माझे कान किती तिखट, त्याला काय ठाऊक!

परवाना मीच घेणार.

१० डिसेंबर
उद्या वनखात्याचे साहेब पाहणीला येणार. वाट बघून आलो. तडसाचे ताजे ठसे, वर साळिंदराचे!

११ डिसेंबर
घात! पाहुणा येणार म्हणून बायकांनी पहाटेच अख्खी वाट झाडून काढली. वर सडा, तोंडाशी रांगोळी! एक ठसा शिल्लक नाही.

पाहुण्यांचा स्वयंपाक करणारी जनकाबाई सगळ्यांच्या पुढं. "काहून झाडली?" म्हटलं, तर म्हणे, "एवढा मोठा साहेब येऊन राहिला, त्याला काय कचऱ्यातून चालवता?"

कंपनीचा माणूस हसला. साहेब मात्र उकिडवे बसून झाडलेली माती बघत राहिले. "उद्या पुन्हा येतो. तोवर इथं कुणी पाय ठेवू नका."

१२ डिसेंबर
झाडलेल्या मातीत सगळं उमटलेलं — तडस, ससा, साळिंदर. पाटीवर काढल्यासारखं! साहेब म्हणाले, "रोज झाडणार कोण?"

मी तोंड उघडायच्या आत जनकाबाई, "आमीच की! भाऊजींला झाडू धरता येतो व्हय?" सगळे हसले. मीपण.

जाताना साहेब सोबतच्या कारकुनाशी हळू बोलले, "एकट्या माणसाचा अर्ज कंपनीपुढं टिकणार नाही. गावातल्या बायांचा गट असता तर गोष्ट वेगळी." मी ऐकलं.

१४ डिसेंबर
जेवण गोड लागत नाही. ही वाट मी शोधली. अकरा वर्षं काटे तुडवले. पण नावासाठी अडून बसलो, तर वाट कंपनीची!

नवा अर्ज लिहिला. नऊ बायांचा गट, अध्यक्ष जनकाबाई. माझं नाव कुठंच नाही.

३ जानेवारी
परवाना आला!

जनकाबाई दारात येऊन सांगून गेली, "उद्या पहाटे पाचला पाहुणे न्यायला या, भाऊजी. उशीर केला तर दुसरा माणूस पाहू."