अंगठा जाईल एवढं भोक

गालकायो, ७ फेब्रुवारी १९९८

अबायो उबाह, माझ्या बहिणी,

तुला नि आपल्या आईला, होयोला, सलाम. होयोला सांग, माझा दात आता दुखत नाही.

गरोवेला ट्रकचा टायर फुटला नि तिथेच उंटाच्या दुधावर दिवस काढले. एकजण मला जहाजावर नोकरी देत होता, पण ते राहू दे. तू मला तुझ्यासाठी सांगून आलेल्या शिर्वाला बघायला पाठवलंस.

माणूस हसरा आहे. पाण्याचा टँकर त्याचाच. मला मटण वाढलं, स्वतः हाडं चघळली. डाव्या कानाने ऐकू येत नाही, इथे सगळे त्याला 'बहिरा'च म्हणतात. "पंपाच्या आवाजाने गेला," म्हणतो. पंप ट्रकच्या उजव्या अंगाला आहे, अबायो. टाकीखाली, हौद्यात, चार मोठी भोकं वेल्डिंगने बुजवलीत. विचारलं, तर म्हणे, "जुन्या मालकाची भानगड."

काल चहाच्या टपरीवर भंगारवाल्या हावोबाईने झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचं पोतं ओतलं. आपल्याकडच्यासारखंच इथेही बोट घालून माप घेतात. करंगळी गेली तर साडेचौदा मिलिमीटरच्या मशीनगनची, माणसांवर नि मोटारींवर चालवायची. अंगठा गेला तर तेवीसची, विमानं पाडायची. पण इथे विमानं कुठली, मग घरांवर. दोन बोटं कोंबता आली तर तीसची, चिलखती गाडीवरच्या तोफेची.

शिर्वा पाठमोरा बसला होता. एक पुंगळी फरशीवर पडली.

"तेवीस," तो म्हणाला. वळलासुद्धा नाही.

"अगं बाई, हे बरं ऐकू आलं रे बहिऱ्या!" हावो खिदळली. "मी हाका मारून मेले तर ढिम्म हलत नाहीस!"

सगळे हसले. तो नाही. मीही नाही.

मग मी सहज विचारलं, मोठ्या विहिरीवर पाणी भरतोस का? "तिकडे आयुष्यात गेलो नाही." आणि थोड्या वेळाने, "पाणी खारट आहे तिथलं." टँकरवाला आहे, ऐकलंही असेल.

त्याच विहिरीपाशी आपल्या गुलेददादाचा टँकर फोडला नि दादा गेला, तेव्हा टेकडीवर तेवीसची एकच तोफ होती. ट्रकच्या हौद्याला चार बोल्टांनी जखडलेली. मी शपथ घेत नाही. असे ट्रक या मुलखात पुष्कळ, बहिरेही पुष्कळ.

तो पुढच्या आठवड्यात मागणी घालायला येईल. चहा दे. मग परसात ने, शेळ्यांच्या गोठ्याला दादाच्या टाकीचा गोळ्यांनी भोकं पडलेला पत्रा ठोकलाय तिथे. काही विचारू नकोस. तो पत्रा पाहून जो तो भोकात अंगठा घालून बघतो, काका घालतो, मशिदीतले शेखसुद्धा. हा घालतो का बघ. ज्याला माप आधीच ठाऊक, त्याला अंगठा कशाला लागेल?

नाही घातला, तर दुसरा पेला भरू नकोस.

तुझा उरलेला एकच भाऊ,
रोब्ले