झिजलेला खटका

गुहागर
सोमवार, ४ ऑगस्ट १९८६

प्रिय दिगंबर,

गुरुवार, १७ जुलै १९८६, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ट्रंककॉल जोडले मी, त्यामुळे आधी वेळ नोंदवते आणि मगच बोलते. त्या मिनिटाला तुझ्या रोपवाटिकेच्या मांडवात कलम करताना राहीच्या हातातला खटक्याचा चाकू आपोआप मिटला आणि तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीत हाडापर्यंत गेला. चाकू माझा होता. आठ महिने तुझ्याकडे होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी तू तो परत केला होतास.

आपल्या दोघांच्या घरांच्या मध्ये फक्त एक दगडी गडगा आहे, तरी तिकीट लावून पत्र पाठवते आहे. तोंडी बोललेलं तू दुपारपर्यंत फिरवतोस, हे मला तू चौथीत असल्यापासून माहीत आहे. तेव्हा शाळेची काच तू फोडलीस आणि नाव वर्गातल्या शिवाचं सांगितलंस. मी आत्याकडून सुट्टीत आले होते. मार त्याने खाल्ला आणि तू माझ्यामागे लपून लाडू खाल्लास. मी गप्प बसले. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, गप्प बसणारा अर्धा खोटारडा. माझा तो अर्धा वाटा मी इतकी वर्षं इमानाने उचलला.

हा चाकू दाभोळच्या मुसाभाईंनी जहाजावरून आणला, सदुसष्ट साली. त्यांच्या वडिलांच्या आजारपणात मी त्यांना दर आठवड्याला एडनचा कॉल जोडून दिला होता, त्याची आठवण म्हणून. पातं उघडलं की मागची पोलादी पट्टी पात्याच्या खाचेत टक्कन बसायची. मुसाभाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "बेन, ये टक सुनाई दे तोच हात लावायचा. नाय ऐकू आला तर चाकू नाय, दुश्मन समजायचा." अठरा वर्षं मी तो टक ऐकून काम केलं. झिजला असेलच, मी नाही म्हणत नाही. लोखंडच ते. पण मी अंगठ्याने सावकाश उघडायचे. तू गिऱ्हाइकांसमोर मनगटाचा झटका देऊन उघडायचास, सिनेमातल्या गुंडासारखा. दर झटक्याला पातं पट्टीवर आदळतं, दिगंबर. मी गडग्याच्या अलीकडून दोनदा ओरडले होते. तू हसून म्हणालास, "मडमीणबाईंचा चाकू पण कॉन्व्हेंटात शिकलाय वाटतं."

आता माझी चूक लिहिते, म्हणजे तुला ती शोधत बसायला नको. बुधवारी संध्याकाळी तू आलास, चाकू कागदात गुंडाळून पाटावर ठेवलास. हातात दिला नाहीस, कारण आपल्याकडे पातं हातात देत नाहीत. आणि घरात आलेलं पातं त्या दिवशी उघडायचं नाही, भांडण उघडतं, ही आईची रीत. इंग्रजी शाळेत शिकलेली, पेन्शन घेणारी मी बाई, ती रीत पाळली. कागदसुद्धा सोडला नाही. सकाळी सातला राही दारात. तिचा चाकू धार लावायला दिला होता, आणि आंब्याच्या कोयी रुजून लालसर पालवीवर आल्या होत्या, त्या थांबत नाहीत. मी ते पुडकं तसंच पाटावरून तिच्यापुढे सरकवलं. माझ्या हाताने.

तू गावभर सांगितलंस की राहीने त्या चाकूने नारळ फोडला, म्हणून खटका मोडला. बाई धसमुसळी, पातं धरायची अक्कल नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बसवलीस. बावीस वर्षं जिने तुझी कलमं बांधली तिच्याबद्दल हे. आणि ती काय म्हणाली ठाऊक आहे? हाताला एवढं मोठं बांधलेलं, माझ्या ओटीवर बसून मलाच समजावत होती. "बाय, तुमी नका मनाला लावून घेव. माजाच हात चुकला असंल."

हात चुकला नव्हता. मी चाकू केरू लोहाराकडे नेला. त्याने रिव्हेट काढून पातं सुटं केलं आणि भिंगातून मला दाखवलं. खाचेची कड चेपून गोल झालेली, आपटून आपटून. तिथे पट्टी टेकते, बसत नाही. कोवळ्या रोपात सरळ चीर देताना काही वाटत नाही, पण पातं चिरेत अडकलं आणि सोडवायला जरा हिसका दिला, की पात्याच्या पाठीवर जोर येतो आणि पट्टी निसटते. केरू म्हणाला, "एका दिसाचा काम न्हाय ह्यां, ताय. म्हयने लागलं असतील." आणि त्या खाचेत काय सापडलं? पत्र्याची बारीक कपची, हिरवी, तुझ्या तपकिरीच्या डबीची. पातं हलायला लागलेलं कळू नये म्हणून तू ती कोंबलीस. म्हणजे तुला माहीत होतं. नुसतं सांगितलं असतंस, "ताई, खटका गेलाय," तर मी चाकू विहिरीत टाकला असता आणि तुला चहा दिला असता.

चिपळूणच्या डॉक्टरांनी टाके घातले, पण शीर तुटली होती. बोट आता वाकत नाही. तरी राही रोज माझ्या ओटीवर बसून अंगठा आणि मधल्या बोटाने कलमाची पट्टी बांधायचा सराव करते. काल तिने चाळीस काड्या बांधल्या, एकही सैल नाही. शनिवारी ती पलीकडच्या गावातल्या रोपवाटिकेत बांधणीचं काम मागायला गेली. तिथल्या तुळसाबाईंनी तिला दारातून परत पाठवलं. म्हणाल्या, "दिगूशेठकडची ती नारळवाली ना? नको बाय."

म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून एक कागद हवा आहे, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीचा: खटका माझ्या हातून झिजला, मला ते माहीत होतं, मी ते लपवून चाकू परत केला, राहीचा दोष नाही. तो कागद घेऊन मी स्वतः तिच्याबरोबर तुळसाबाईंकडे जाणार आहे. तुझ्या मांडवात मागाहून रुजलेली सहा हजार रोपं कलमाच्या काड्यांची वाट बघत उभी आहेत, आणि काड्या येतात त्या वरच्या आगरातल्या तीन हापूसच्या झाडांवरून. ती झाडं बाबांनी माझ्या नावावर ठेवली आहेत, हे तू बहुधा विसरलास, कारण मी कधी आठवण करून दिली नाही. आज सकाळी आगराच्या बेड्याच्या फाटकाला कुलूप लावलं. आठवडाभरात तुझी पालवी हिरवी होईल आणि मग त्या रोपांवर कोणाचंच कलम बसणार नाही. शुक्रवार, ८ ऑगस्ट, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाने आलेलं मी उघडणार नाही.

तुझीच, शुक्रवार संध्याकाळपर्यंत तरी,
कुमुदताई