‘शिस्त’चा भोंगा

५ जानेवारी, रविवार. सकाळ.

माझ्या बोटीत कुणीतरी येऊन गेलं आहे. शंका नाही, खात्री. टाकीतलं पेट्रोल कमी. मागच्या फळीखाली खजुराच्या बिया. आणि दोरीची गाठ माझी नव्हती. मी बांधलेली गाठ सोडवायला मलाच वेळ लागतो. ही एका हिसड्यात सुटली. म्हणजे घाईत बांधलेली. म्हणजे चोर.

आगरदांड्याच्या खाडीत हौसेची बोट एकच, माझी ‘शिस्त’. बाकी सगळ्या पोटापाण्याच्या. किहीमच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून घेतली. इंजिन मी स्वतः उघडलं, स्वतः जोडलं. आयटीआयची पायरी चढलेलो नाही, हे मुद्दाम नोंदवतो. मोटर रिवाइंडिंगचं दुकानही असंच उभं केलं, बघून बघून.

बोट घेऊन दीड वर्ष झालं. अजून खाडीबाहेर नेलेली नाही. कारणं तांत्रिक. पहिल्या खेपेला बायकोने, कल्पिताने, पोह्यांत तेल जास्त घातलं होतं. दुसऱ्या खेपेला पेट्रोलचा वास. तिसऱ्या खेपेला ऊन. दरवेळी जेटीपासून हाकेच्या अंतरावरून परत यावं लागलं. बोटीचा दोष एकदाही नव्हता. चालवणाऱ्याचाही नव्हता.

संकल्प: चोर-अलार्म. मीच बसवणार.

८ जानेवारी, बुधवार.

मुझम्मिलला सांगितलं. शेजारी, मित्र. कुवेतला एसी मेकॅनिक होता, आता जेटीच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिवसभर खाडी बघतो. रोज संध्याकाळचा चहा आमचा एकत्र.

म्हणाला, रत्नपालभाई, अलार्म कशाला? चोर आला तरी इंजिन चालू करता करता दमून घरी जाईल. तू दोरी ओढायला लागलास की आमच्याकडे दोन भाकऱ्या होतात.

मी हसलो नाही. म्हटलं, बोटीत खजुराच्या बिया सापडल्यात. तो एकदम खाडीकडे बघायला लागला. म्हणाला, कावळ्यानं टाकल्या असतील.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. खजूर कुणाकडे असतो? कुवेतहून आलेल्याकडे. आमच्याही डब्यात आहे म्हणा, पण तो त्यानेच दिलेला.

माणसाने विश्वास ठेवावा तरी कुणावर.

११ जानेवारी, शनिवार. रात्री जेवणाआधी.

अलार्म आला. पनवेलच्या दुकानदाराने बोटीसाठी म्हणून दिला, आत बघतो तर मोटरसायकलचा. फसवणूक. पण मी खोका उघडून सगळे जोड सिलिकॉनने बंद केले. वायर कथलाचा मुलामा दिलेलीच वापरली, साधी तांब्याची खाऱ्या हवेत हिरवी पडते. हे या तालुक्यात किती जणांना ठाऊक असेल?

बोट हलली की कळणारा सेन्सर आतल्या बाजूला. एक स्विच दोरीच्या कडीवर, एक इंजिनच्या झाकणावर. रिमोट दोन. एक माझ्या खिशात, दुसरा स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला.

कल्पिता शाळेत शिकवून आल्यापासून बघत होती. बोटीच्या कामात तिने रस घेतला असं पहिल्यांदाच झालं. विचारलं, हा बंद कसा करायचा? मी समजावून सांगितलं. पुन्हा विचारलं, म्हणजे लांबून दाबलं तरी चालेल? पुन्हा सांगितलं. बिचारी पालीची, डोंगराकडची. तिकडे पाण्याचा संबंध विहिरीपुरता. तरी चिकाटी आहे.

१२ जानेवारी, रविवार.

नुसता भोंगा पुरेसा नाही. कर्कश आवाज लोक वरातीतही ऐकतात. म्हणून आवाज साठवणारं एक सर्किट जोडलं. सकाळी वंदना झाल्यावर लगेच रेकॉर्डिंग, कारण तेव्हा माझा गळा मोकळा असतो. मजकूर असा:

सावधान. ही बोट रत्नपाल बाळाराम तांबे यांची आहे. आपण कोण आहात, ते आम्हाला ठाऊक आहे. मागे फिरा.

‘आहे’ नंतर मला थोडा खोकला आला आहे. ठेवला. त्याने खरेपणा येतो. ‘फिर’ की ‘फिरा’, यावर बराच विचार केला. चोर वयाने मोठा असू शकतो.

१५ जानेवारी, बुधवार.

दिघीची फेरीबोट गेली की लाट येते. लाट आली की बोट हलते. बोट हलली की मी बोलतो. दिवसभर. फेरीबोटीतले लोक आता कठड्याशी येऊन वाट बघतात. आज एका अख्ख्या वऱ्हाडाने माझ्याबरोबर खोकून दाखवलं.

मधल्या वेळात बगळा बसला. त्यालाही ‘ठाऊक आहे’ म्हणून सांगितलं गेलं.

हलण्याचा सेन्सर काढला. माघार नाही, सुधारणा. आता दोरीला किंवा इंजिनला हात लागला तरच. दुपारी वायर तपासत असताना जेटीवरची पोरं ओरडली, तांबेकाका, मागे फिरा. मी लक्ष दिलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.

पेट्रोल पुन्हा कमी. आणि अलार्म वाजलाच नाही. दुकानातून कान लावून होतो. वाजला असता तर गाव बोललं असतं.

बोटीत माशाचे खवले आणि केसांची एक पिन. पिन वायर जोडायला वापरली असणार. म्हणजे चोर तांत्रिक माणूस. या गावात मी सोडून तांत्रिक माणूस एकच, आणि तो एसी दुरुस्त करायचा.

संध्याकाळच्या चहाला गेलो नाही.

जेवायला तांबोशी होती, तळलेली. फार ताजी. कल्पिता म्हणाली, रेहानाकडून आली. मुझम्मिल दगाबाज निघाला म्हणून त्याच्या बायकोच्या हातची मासळी नाकारण्यात अर्थ नाही. दोन तुकड्या जास्त घेतल्या.

२० जानेवारी, सोमवार.

बोललो. जेटीवर, चार माणसांत. म्हटलं, मित्राची बोट चोरून नेणाऱ्याने निदान पेट्रोल तरी भरून ठेवावं.

मुझम्मिलने कप खाली ठेवला. म्हणाला, शनिवारी मी दिवसभर मुरूडला होतो, मामूच्या मयतीला. तुलाच सांगून गेलो होतो. सांगितलं होतं खरं. मग हळू आवाजात म्हणाला, रत्नपालभाई, माझं ऐक, तो अलार्म काढून टाक आणि बोट आहे तशी राहू दे. तुझ्या भल्याचं सांगतो.

निर्दोष माणूस अलार्म काढायला सांगेल?

संध्याकाळी बघतो तर त्याने खुर्ची फिरवून ठेवलेली. पाठ माझ्या बोटीकडे, तोंड रस्त्याकडे. इतक्या वर्षांत त्याला कुणी रस्त्याकडे तोंड करून बसलेलं पाहिलं नसेल. मला काही वाटलं नाही. जेवण मात्र गेलं नाही. वांगी कच्ची होती.

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी.

चोरी शनिवारीच होते. हे मी शोधून काढलं. दुकान बंद करतो आणि बोटीत जाऊन पुढच्या ताडपत्रीखाली आडवा होतो. आतून रिमोटने अलार्म चालू ठेवणार. चोर आला की उठून उभा राहणार आणि एकच वाक्य बोलणार. वाक्य अजून ठरलेलं नाही. सोबत बॅटरी, पाणी, लिमलेटच्या गोळ्या.

कल्पिताला सांगितलं पेणला मोटर आणायला जातोय. ती म्हणाली, सावकाश या.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

क्रमाने लिहितो.

ताडपत्रीखाली उकाडा होता. बऱ्याच वेळाने पावलं. मग अलार्मचा तो छोटा आवाज, बंद केल्याचा. रिमोटने. इंजिन पहिल्या हिसड्यात चालू झालं. माझं इंजिन. पहिल्या.

रेहानाचा आवाज आला: कल्पिता, डावीकडून घे, ओहोटी लागलीय, तिथं गाळ हाय. आणि माझी बायको, पालीची, म्हणाली, माहितेय गं, गेल्या खेपेला मीच काढली ना.

बोट सुटली. थोड्या वेळाने कल्पिताने आवाज जाड करून सुरुवात केली: सावधान, ही बोट रत्नपाल बाळाराम तांबे यांची आहे. खोकल्यासकट. रेहाना हसून हसून दमली.

मग रेहाना म्हणाली, आता पुरे झालं, सांगून टाक त्यांना. तुझ्यापायी माझ्या नवऱ्यावर आळ आला. रस्त्याकडे तोंड करून बसतो, जेवत नाय धड.

कल्पिता म्हणाली, काय सांगू? की तुम्हाला पाणी सोसत नाही? बांधलेल्या बोटीत बसले तरी चेहरा हिरवा होतो, आणि पोह्यांचं नाव घेतात. दीड वर्ष मी पोहे जवळजवळ पाण्यावर परतते. त्या बोटीवर जीव आहे त्यांचा. कळलं तर विकून टाकतील. आणि मला हा शनिवार हवाय गं. आठवडाभर शाळेत मुलांना मी सांगते, घरी मला हे सांगतात. इथं कुणी कुणाला काही सांगत नाही.

याच क्षणी उठायचं, असं ठरवलं. वाक्यही सुचलं होतं. तोंड उघडलं.

वाक्य आलं नाही. दुसरंच आलं.

ताडपत्री रेहानाने उचलली. कल्पिताने बोट वळवली, अगदी अलगद, आणि एका हाताने माझं डोकं धरलं. माझा रिमोट बादलीत पडला. बादलीबद्दल जास्त लिहीत नाही.

उन्हामुळे झालं असावं. ताडपत्रीखाली ऊन नसतं, पण उष्णता असते.

२६ जानेवारी, रविवार.

झेंडावंदनाला गेलो. तिथून मुझम्मिलकडे. माफी मागायची नाही, फक्त वस्तुस्थिती मांडायची, असं ठरवलं होतं. म्हटलं, इकडे तोंड करून बसलास तर धूळ जाते डोळ्यात. तो म्हणाला, बस. रेहानाने चहा आणला. मी म्हटलं, तू सांगायला हवं होतंस. तो म्हणाला, शपथ घातली होती दोघींनी. आणि भाई, सांगायचं कुणाला ते शोधावं लागत होतं. फेरीबोटवाल्यांना ठाऊक, शाळेला ठाऊक. राहिला होतास तू आणि तो बगळा.

म्हणजे दगा झालाच. मी शोधला होता त्यापेक्षा मोठा. सगळ्या गावाचा. मी मोठ्या मनाने चहा प्यालो. मग त्याची खुर्ची मीच उचलून खाडीकडे फिरवली.

घरी कल्पिता म्हणाली, बोट तुमची आहे. नको म्हणालात तर जाणार नाही.

संकल्प: पुढच्या रविवारी ‘शिस्त’ मी स्वतः, एकटा, खाडीबाहेर नेणार. ज्याने बोट नेली आहे, त्यालाच कुणाला नको म्हणायचा हक्क.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

तयारी पूर्ण. उपाशीपोटी. गोळी घेतली. वारा नाही. खाडी ताटात ओतल्यासारखी. कल्पिता झोपलेली असताना निघालो. लाइफ जॅकेट, शिट्टी, दोन दोऱ्या, प्लग, पाना, पाणी. सगळं दोनदा तपासलं. टाकी काठोकाठ भरली.

बोटीत पाय टाकला. थोडी डुलली. पोटात काहीतरी सरकलं, पण ते रिकामं होतं. कडीतून दोरी काढली.

सावधान. ही बोट रत्नपाल बाळाराम तांबे यांची आहे.

उरलेला एकच रिमोट दारामागच्या खिळ्याला.

खोकला झाला. आपण कोण आहात, ते आम्हाला ठाऊक आहे, असंही झालं. जेटीवर जाळी निवडणाऱ्या बायका थांबल्या. मुझम्मिल खुर्चीतून म्हणाला, ऐक रे, चांगला माणूस दिसतो, अहोजाहो करतोय.

मागे फिरा.

मी दोरी पुन्हा कडीत अडकवली आणि जेटीवर आलो. भोंगा थांबेना. कल्पिता येताना दिसली, ओढणी नीट करत, हातात रिमोट. दाबला. शांत झालं.

मी म्हटलं, टाकी भरलेली आहे. शनिवारी पुरेल.

ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, पोहे करते.

म्हटलं, तेल घाल थोडं.

नोंद: अलार्म उत्तम चालतो. मीच बसवला आहे.