पुढच्या सीटवर कापशी

तीर्थस्वरूप वन्सं यांना चाकांवर राहणाऱ्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (इथे वाकल्याशिवाय उभंच राहता येत नाही, त्यामुळे नमस्कार आयताच घडतो).

तुमचा खोकला आता कसा आहे? गरम पाणी पिता ना, की नुसतं लोकांना सांगता? आम्ही इकडे सगळे खुशाल. म्हणजे तुमचे बंधुराज खुशाल आहेत, खुशालीच्या वर काही असेल तर कापशी तशी आहे, आणि मी आहे. तुम्ही परवा फोनवर विचारलंत की चाकांवरचा संसार कसा चाललाय, आणि आठ दिवस येऊन राहू का? मी "हो हो, बघू" म्हणून वेळ मारून नेली, कारण तुमचे बंधू कानाशी उभे होते. (या गाडीत कुठेही उभं राहिलं तरी ते कुणाच्या तरी कानाशीच असतं.) म्हणून आता सविस्तर लिहिते. वाचा आणि तुमचं तुम्हीच ठरवा.

गाडी का घेतली ते तुम्हाला ठाऊक आहेच. जन्मभर बस चालवलेला माणूस निवृत्त झाला की घरात पाय पसरून बसतो. ह्यांनी बस सोडली आणि घरालाच चाकं लावून घेतली. लोक म्हणाले, हौस. हौस त्यांची असेल, पण होकार माझा होता आणि त्यामागे माझा स्वार्थ होता. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या बसमधून कितीदा तरी गेले, पण ह्यांच्या डोक्यावर पाटी असायची : गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. बायको झाली म्हणून पाटी काही खाली उतरत नाही. मी आपली मागच्या बाकावरून ह्यांच्या मानेकडे बघत प्रवास करायची. घरी यायचे ते कान इंजिनाने आणि डोकं माणसांनी भरून. जेवायचे, आडवे व्हायचे. आमचा संवाद म्हणजे "मीठ दे" आणि "दिवा घालव". मी स्वतःला समजावलं, थांब बाई, एकदा निवृत्त होऊ देत. मग ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचं, समोर मोकळा रस्ता, वर पाटी नाही, आणि इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं बोलून घ्यायचं. त्या सीटसाठी मी चांगली जाड गादी शिवली. पाठीला उशी शिवली. माझं माप घेऊन शिवली, वन्सं.

त्या गादीवर आज कुत्री बसते.

झालं असं की निघालो त्या दिवशी मी ऐटीत पुढे, कापशी मागे. पहिला चढ लागला आणि मागून असा काही आवाज आला की मला वाटलं पाण्याची मोटर बिघडली. जाऊन बघते तर कापशीने सकाळचं सगळं खाणं माझ्या चपलेत काढून ठेवलेलं. एकाच चपलेत, दुसरी कोरडी. ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि तिला असं काही पोटाशी धरलं की तेवढं प्रेम मला दोन बाळंतपणांत मिळालं नसेल. पुढच्या गावात जनावरांचा डॉक्टर गाठला. तो म्हणाला, हिला मागे गाडी लागते, समोरचा रस्ता दिसला की बरं वाटेल. तो माणूस शिकलेला आहे, त्याला मी काय बोलणार! पण एवढंसं औषध लिहून देण्याऐवजी त्याने माझी सीट लिहून दिली. तेव्हापासून कापशी पुढे, माझ्या गादीवर, माझ्या उशीला टेकून, पट्टा लावून. आणि मी मागे, भांड्यांच्या कपाटाशेजारच्या बाकावर. गाडी डावीकडे वळली की ताटं माझ्या अंगावर येतात आणि उजवीकडे वळली की मी ताटांच्या अंगावर जाते.

हेही मी सोसलं असतं. पण गाडी सुरू झाली आणि ऐकते तर काय, हे बोलत होते. तुमचे बंधू! ज्यांच्या तोंडून शब्द काढायला मला चिमटा घ्यावा लागे, ते त्या कुत्रीशी गाव सुटल्यापासून गाव येईपर्यंत बोलत होते. मधे हसतसुद्धा होते. कापशीला ते "बाळे" म्हणतात. मला आजतागायत "अगं" म्हणतात, आणि घाईत असले की तेही नाही, नुसतं टेबल वाजवतात. काय बोलतात ते ऐकावं म्हणून मी मान ताणून ताणून थकले. पण भांडी वाजतात, गॅसची टाकी वाजते, खिडकीची काच वाजते, आणि त्यातून येतं ते नुसतं "बाळे... बाळे". उगाच आडपडदा कशाला ठेवू? माझा जळफळाट होतो. माणसाने माणसाचा मत्सर करावा, त्याला काही इभ्रत असते. पण जिला चार पाय आहेत आणि जी आपल्याच शेपटीला घाबरते, तिच्यावर जळायचं म्हणजे सांगायचं तरी कुणाला? म्हणून तुम्हाला सांगते.

त्यात परवा अगदी कडेलोट झाला. ह्यांची जन्माची सवय तुम्हाला माहीत आहे. बसथांबा दिसला की ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बरं, नुसती गाडी थांबली असती तर ठीक होतं. पण बाजूचं दार ह्यांनी हौसेने बटणावर उघडणारं करून घेतलंय, आणि थांबलं की बटण दाबायचं हीही सवयच. परवा एका गावाबाहेर थांब्यावर गाडी थांबली, दार उघडलं आणि एक छत्रीवाले गृहस्थ व एक पिशवीवाल्या बाई बिनदिक्कत आत आल्या. गृहस्थ आमच्या पलंगावर बसले, बाई पुढच्या बाजूला, अगदी ह्यांच्या सीटमागच्या बाकावर. दार लागलं, गाडी सुटली. ह्यांना पत्ताच नाही, हे बाळेशी बोलण्यात दंग. गृहस्थांनी माझ्यापुढे पैसे धरले. मी सगळ्यात मागे बसलेली, त्यामुळे मी कंडक्टर! मी काही सांगणार तोच ते म्हणाले की हल्ली बसमध्ये बऱ्याच सोयी झाल्यात, आणि आमचं पांघरूण चाचपून पाहिलं. मी म्हटलं, पैसे राहू देत, चहा घ्या. आता घरात आलेल्या माणसाला चहा नको का विचारायला?

पुढच्या थांब्यावर गाडी पुन्हा आपली आपण थांबली. गृहस्थ कप विसळून उतरले (माणूस चांगला होता). बाई उतरताना मात्र माझ्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बायकोशी इतकं गोड बोलणारा ड्रायव्हर मी जन्मात पाहिला नाही हो! नशीबवान आहे बाई, जी कुणी पुढे बसलीय ती."

सीटची पाठ उंच असल्यामुळे त्यांना कापशी दिसली नव्हती. मी दाखवूही शकले असते. पण मग मी कोण, तेही सांगावं लागलं असतं. मी "हो ना" म्हटलं आणि कप पुसत बसले. तोच कप मी इतका वेळ पुसला की त्याच्यावर रंगवलेलं फूल निघून आलं.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की मलाही मागे गाडी लागते. ओकारीचं सोंग मी इतकं छान वठवलं की कापशीसुद्धा कौतुकाने बघत होती. हे बिचारे घाबरले, लगेच मला पुढे बसवलं. गादी अजून माझ्याच मापाची होती, फक्त केस चिकटले होते. गाडी सुरू झाली. मी वाट बघतेय. एक गाव गेलं, पूल गेला, मोठं तळं गेलं. हे गप्प! मी म्हटलं, तळं छान आहे. हे म्हणाले, "पट्टा नीट लाव." मी म्हटलं, आपण शेवटचं कधी असं निवांत बोललो होतो? हे आरशात बघून म्हणाले, "मागे ट्रक आहे." मग मागे कापशीने आपलं काम उरकलं (या वेळी दुसऱ्या चपलेत), आणि गाडी थांबवावी लागली. मला त्या रस्त्याच्या कडेला खरोखर रडू आलं. मी चप्पल हातात धरून विचारलं, की त्या मुक्या जनावराशी दिवसभर बोलता, मग माझ्याशी बोलायला काय होतं तुम्हाला?

वन्सं, त्यांना प्रश्नच कळला नाही. खोटं नाही सांगत, खरंच कळला नाही. म्हणाले, "अगं, गाडी चालवताना माणसाशी बोलायचं नसतं. नियम आहे." मग मला समजावण्यासाठी म्हणाले, "कापशी माणूस कुठे आहे?"

पाटी बसमध्येच राहिली असं मी समजत होते, ती ह्यांच्या डोक्यात ठोकलेली आहे. मी मागे गेले. पण मीही हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर केस पांढरे केलेली बाई आहे, इकडची माणसं तिकडे जोडून देणं हाच माझा धंदा होता. मी सगळी ताटं-वाट्या माझ्या कपड्यांत गुंडाळून घट्ट बसवल्या, खिडकीत कागदाची घडी खोचली, आणि त्या पिशवीवाल्या बाई बसल्या होत्या त्या बाकावर, ह्यांच्या पाठीशी पाठ लावून बसले. आता शब्द न् शब्द ऐकू यायला लागला. हे कापशीला जुने थांबे सांगत होते, एकेका थांब्यावर कोण चढायचं ते सांगत होते. एकदा घाटात ब्रेक लागेनात तेव्हा काय झालं, तेही सांगितलं. ते मला कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटलेलं त्या दिवशी ह्यांना नुसता ताप आला होता. सकाळी उठून कुठे जायचंच नसलं की हात कसे रिकामे वाटतात, तेही म्हणाले. आणि मग म्हणाले, "बाळे, तुझी आई रुसलीय. तिला विचार, चहासाठी थांबायचं का?"

मी पाठमोरीच म्हटलं, "कापशी, तुझ्या बाबांना सांग, वळणानंतर थांबा. आणि विचार, त्या दिवशी घाटात भीती वाटली होती का?"

ह्यांनी गिअर बदलला, वळण घेतलं. मग हे म्हणाले, "सांग तिला, वाटली होती."

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू आहे. नियम मोडत नाही, चालकाशी कुणी बोलत नाही. दोघं कापशीशी बोलतो. पण म्हणून माझा मत्सर गेला असं समजू नका. काल मी इतका छान विनोद केला की हे स्टिअरिंगवर हात आपटून हसले, आणि पाठ थोपटली ती कापशीची! तिला बिस्किटही मिळालं. विनोद माझा होता, वन्सं. बिस्किटाचं मला काही नाही, पण निदान थोपटताना मागे वळून बघावं. तर तेही नाही, ट्रक असतो.

असो. खोकल्याला जपा. लहानांना आशीर्वाद, आणि उशिरा लिहिल्याबद्दल राग नसावा.

तुमची,
मागच्या बाकावरची भावजय

ता. क. तुमच्या येण्याबद्दल. झोपायला ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा आहे, तिथे शिडीने चढावं लागतं आणि कूस बदलायला आधी खाली उतरावं लागतं. अंघोळ म्हणजे बादलीला प्रदक्षिणा. संडासाची टाकी कशी रिकामी करतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शिवाय तुमच्या चपला फार चांगल्या आहेत. म्हणून आपलं कळवून ठेवते.

आणखी ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण कारण ते नाही. तुम्ही आलात की ह्यांना गाडीत दुसरं माणूस दिसेल आणि हे पुन्हा गप्प होतील. किंवा तुमच्याशी बोलतील, ते तर मला अजिबात चालणार नाही. तुम्ही नेहमी सांगता ना, आमचा बाळू लहानपणी भारी बडबड्या होता, रात्रंदिवस माझ्या मागे मागे बोलत फिरायचा? प्रत्येक वेळी मी हसते आणि प्रत्येक वेळी आतून जळते. तुमच्या वाट्याचं तुम्ही ऐकून घेतलंत. माझ्या वाट्याचं आत्ता कुठे सुरू झालंय, आणि त्यातलं अर्धं कुत्री खाते. उरलेल्या अर्ध्यात मी वाटेकरी घेणार नाही. रागवायचं तर रागवा.

शेवटचं. तुम्हाला मी पाया पडून बोलावलंय, असं कापशीमार्फत ह्यांना कळवून टाकलंय. ह्यांनी कापशीमार्फत विचारलं, ताई काय म्हणाली? मी कळवलं, फार जीव तुटत होता, पण नको म्हणाली. आता ह्यांचा फोन येईल, तेव्हा तुम्ही तेवढं म्हणा.